दाराजवळची काळी काच

काच हातातून सुटली नव्हती. वेंडेल ट्रास्कने ती नीट धरली होती, दोनदा मापून कापायला घेतली होती. तरी ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. त्याने दोन्ही तुकडे फुटपाथवर अंथरलेल्या जुन्या गोधडीवर ठेवले आणि दुकानाच्या पायरीवर बसला. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना बसायला निमित्तच हवं होतं.

"गेली?" आर्देलिया गेन्सने घडीच्या खुर्चीवरून विचारलं.

"गेली, मिस आर्देलिया. शेवटची होती."

चार दिवस त्याचं हेच चाललं होतं. मेन स्ट्रीटवरच्या या जुन्या औषधांच्या दुकानाचा दर्शनी भाग, मोठी खिडकी सोडली तर, काळ्याभोर काचेच्या जाड लाद्यांनी मढवलेला होता. मागच्या विटांना त्या डांबरी लुकणाने चिकटवलेल्या, आणि वरून आरशासारख्या लखलखीत. वसंतात एक मालाचा ट्रक मागे घेताना आदळला आणि दाराजवळच्या दोन लाद्या फुटल्या. तसली काच आता कुठल्या कारखान्यात होत नाही. शेजारच्या गावातलं थिएटर पाडायला काढलं होतं, तिथून वेंडेलने गेल्या आठवड्यात दोन लाद्या सोडवून आणल्या. लादीच्या मागून पियानोची तार घालायची आणि लुकण कापलं जाईपर्यंत करवतीसारखी ओढत राहायचं. एकेका लादीला अख्खा दिवस गेला. पहिली काल जागेवर बसली. दुसरी ही अशी.

दुकान आर्देलियाने गेल्या वर्षी विकत घेतलं होतं. शर्टांच्या कारखान्यात चाळीस वर्षं तिने कापड बेतलं. नवरा गेला, मुलं शिकागोला. राहायची रेल्वेच्या रुळांपलीकडे, जन्मली त्याच गल्लीत. आता तिला इथे शिवणाचं दुकान काढायचं होतं. रोज दुपारी ती येऊन बसायची, थंड चहाच्या बाटलीतला अर्धा चहा वेंडेलला द्यायची आणि काम बघायची. फारसं बोलायची नाही.

वेंडेलला तिचं एक कळत नव्हतं. बाहेरच्या काचेसाठी एवढा जीव टाकणाऱ्या या बाईने आतलं काहीच ठेवलं नव्हतं. आत, पूर्वी औषधांच्या दुकानांत असायचा तसा, सोडा-आइस्क्रीमचा संगमरवरी काउंटर होता, गोल फिरणारी लाल स्टुलं होती. मेम्फिसहून जुनं सामान घेणाऱ्या कुणीतरी फोन केला, तर ही म्हणाली, घेऊन जा. वेंडेलला ते लागलं होतं.

"काउंटर तरी ठेवायचा होता," तो आत्ताही म्हणाला. "दर शनिवारी आम्ही भावंडं तिथे असायचो. चेरीचा सोडा. तुम्हाला आठवत असेल की."

आर्देलियाने बाटलीचं झाकण घट्ट केलं.

वेंडेलने हातांवरचं डांबर चिंधीला पुसलं. आज त्याला घरी जायचं होतं, बूट काढायचे होते. "खरं सांगू? आता पुरे करू. पार तीनशे मैलांवर एक जण आहे, त्याच्याकडे असली तर असेल एखादी लादी. एवढी गाडी माझ्याच्याने हाकवत नाही. त्यापेक्षा उरलेल्या लाद्याही काढून टाकू. खालपासून वरपर्यंत साधी काच लावू. उजेड येईल, रस्त्यावरून आतलं सगळं दिसेल. दुकानाला तेच तर हवं असतं."

"रस्त्यावरून आतलं मी पुष्कळ बघितलंय, वेंडेल."

तिचा आवाज चढला नव्हता. शिफ्ट संपल्यावर बायका बोलतात, तसा होता.

"मी लहान असताना काळ्या लोकांना औषध मागच्या दाराने मिळायचं. आई तिकडे उभी राहायची. गोऱ्यांचं झालं की मग तिचा नंबर. आम्ही तिघी बहिणी इथे, या फुटपाथवर. आत बसायची आम्हाला बंदी होती. मग आम्ही त्या मोठ्या खिडकीला नाकं लावायचो. स्टुलं समोरच दिसायची. त्यांतल्या कुठल्या स्टुलावर तुम्ही होतात ते काही मला सांगता येणार नाही."

वेंडेलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गावात त्याच्या वयाच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण चार दिवस तो त्या सोड्याच्या गोष्टी तिला ऐकवत होता आणि एकदाही हे त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याने चिंधीची घडी केली. पुन्हा उलगडली.

तो म्हणाला, "मग ही काच तरी कशाला राखताय? तुमच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी हातोडा घातला असता."

आर्देलिया खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली. दाराजवळ आली. काल बसवलेल्या लादीवर कामाची धूळ होती. तिने स्वेटरची बाही तळहातावर ओढून ती पुसली. काळ्या काचेत ती दिसली, पायरीवरचा वेंडेल दिसला, मागे दुपारचा रिकामा रस्ता.

"हिच्यातून आतलं दिसत नाही," ती म्हणाली. "औषध घेऊन आई पुढे आली, की आम्हाला दंडाला धरून खिडकीपासून ओढायची. इथे हिच्यापुढे ओळीने उभं करायची. रिबिनी सारख्या करायची, कॉलर सारखी करायची. घाई कधी करायची नाही. म्हणायची, 'तिकडे काय आहे बघण्यासारखं? इकडे बघा. माझ्या पोरी बघा.'"