होडीवरचं छप्पर

"अहो, पण मग होडी बाहेर कशी काढायची?" केसरनं तिसऱ्यांदा विचारलं. भिवा कमानीसारखा वाकवलेला पाइप धरून उभा होता. "तू प्लॅस्टिक ताण गो," एवढंच म्हणाला.

पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढून तिच्यावर असं छप्पर घालणं काही नवं नव्हतं. पण दरवर्षी ते सुंभानं बांधायचं आणि नारळी पुनवेला सोडून होडी पाण्यात लोटायची. यंदा या माणसानं सिमेंटची गोणी आणली होती. पाइप कायमचे रोवायला होडीच्या चारी बाजूंना खड्डे, अगदी तोंडासमोरसुद्धा! केसरला काही उमजेना. होडी विकायची असेल, तर छप्पर कशाला? आणि समुद्रावर न्यायची असेल, तर तिला असं कोंडायचं कशाला?

गेल्या महिन्यात त्यानं होडी तीस वर्षांच्या ओळखीच्या खडकावर घातली आणि दोष धुक्याला दिला. तेव्हाही ती अशीच गोंधळली होती. त्या सकाळी तर तिनं दोन पाट्या बांगडे कडक उन्हात वाळत घातले होते.

भिवानं घमेलं उचललं, पायानं खड्ड्याचा काठ चाचपला आणि सिमेंट ओतलं. सगळंच्या सगळं वीतभर बाजूला, वाळूत पडलं. तो मात्र काम फत्ते झाल्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

केसरनं वाळूतल्या सिमेंटकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे; ते त्या सिमेंटवरून नुसतेच फिरून गेले. मग पदर खोचून तिनं रिकामं घमेलं स्वतःकडे ओढलं.

"हे फार पातळ झालं होतं," ती म्हणाली. "थांबा, मी घट्ट कालवते."