छातीवरचं नाव

"बंडी काढा, आप्पा," योगीराज म्हणाला.

ईश्वरप्पांनी आधी दुकानाचं दार लावलं. बैलांच्या दलालीत सत्तरी ओलांडलेला हा माणूस नव्या नवरीसारखा लाजत होता. शेवटी त्यांनी बंडी काढली.

दुकान परळीच्या स्टेशन रोडवर होतं. 'जिल्ह्यातला पहिला आधुनिक टॅटू व पिअर्सिंग कलाकार' अशी पाटी योगीराजनं स्वतःच रंगवून घेतली होती. कुणाला शंका राहू नये म्हणून भुवईत दोन आणि ओठात एक बाळी घातली होती. त्याची आई त्या बाळ्यांकडे न बघताच त्याला जेवायला वाढायची.

ईश्वरप्पांच्या छातीवर, काळजाच्या बरोबर वर, एक हिरवा शब्द गोंदलेला होता. योगीराजनं मोबाईलवर त्याचा फोटो काढला.

"फोटो कशाला बे?"

"आदीचा आन् नंतरचा. समद्यांचा काढतो. कुणाचं नाव हाय?"

"दिसंना का तुला?"

"जुनं गोंदण हाय, आप्पा. तुमीच सांगा."

ईश्वरप्पांनी बंद दाराकडे एकदा बघून घेतलं. "सरस्वती."

"काकूंचं नाव?"

"ती गंगासागर. तितंच तर घोळ हाय."

लग्नाच्या आदल्या वर्षी सरस्वती नावाच्या मुलीवर त्यांचा जीव जडला होता. महाशिवरात्रीच्या जत्रेत त्यांनी तिचं नाव गोंदवून घेतलं, आणि महिन्याभरात ती लग्न होऊन गेवराईला गेली. मग गंगासागर घरात आली. पहिल्याच आठवड्यात तिनं छातीवर काय लिहिलंय म्हणून विचारलं, तेव्हा ईश्वरप्पा म्हणाले, "तुझंच नाव." नवरा-बायको दोघंही निरक्षर, त्यामुळे संसार उत्तम चालला. पोरं शाळेत जायला लागल्यापासून मात्र ते अंघोळसुद्धा बंडी घालूनच करत.

आता गंगासागरबाई प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला जात होत्या. रविवारी परीक्षा होती.

"काल दुकानांच्या पाट्या वाचत घरी आली. म्हनली, परीक्षा झाली की पैलं तुमच्या छातीवरचं वाचते." ईश्वरप्पांनी गोंदणावर तळवा ठेवला. "पन्नास वर्सं तिनं त्या नावावर हात ठिवून झोप काढली, बाबा. मी तिला काय तोंड दाखवू?"

"नंदी काढू. त्याच्या अंगाखाली समदं झाकून जाईल."

"कावून काढला म्हनली तर?"

"नवस होता म्हना. या वर्षी तुमी सातवे हाव, आप्पा. हे वर्ग सुरू झाले आन् माझं दुकान चाललं." योगीराजनं सुई बसवली. "गोंदलं कुणी हे?"

"जत्रंतल्या दगडाबाईनं. तू सोताला पैला म्हनतो, पन पैली ती. तिच्या पालाम्होरं ही रांग लागायची. कसलंबी नाव सांगा, लगेच सुई चालू. दुसऱ्यांदा इचारायची न्हाई."

"तिला लिहाय-वाचायला येत होतं?"

"येतच आसंल की. नावं गोंदायची म्हंजे."

"मग पैली तीच," योगीराज म्हणाला. पाटीच्या बाबतीत तो सहसा माघार घेत नसे.

मशीन सुरू होणार तोच ईश्वरप्पांनी त्याचं मनगट धरलं. "मला वाचता येत न्हाई. झाकायच्या आदी एकदा वाचून दाखव."

योगीराज वाकला. अक्षरांखाली बोट नेत त्यानं सावकाश वाचलं, "सरस्वती."

ईश्वरप्पांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

दोन तासांनी ते शर्टाची वरची बटणं उघडी टाकून, भर बाजारातून नंदी मिरवत घरी निघाले.

योगीराजनं चहा मागवला आणि मोबाईलमधले 'आदीचे' फोटो चाळायला घेतले. सात म्हाताऱ्यांनी त्याला सात नावं सांगितली होती आणि त्यानं ज्याला त्याला त्याचं त्याचं नाव वाचून दाखवलं होतं. फोटोंमध्ये मात्र सातही छात्यांवर, त्याच हिरव्या ठळक अक्षरांत, एकच शब्द होता: दगडाबाई.