ओळखीची वाक्यं

“निबंध कुठून उतरवलास?” इंग्रजीच्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“उतरवला नाही, बाई,” दहावीतली ती मुलगी म्हणाली. “ही तीन वाक्यं आईची आहेत. बाकी सगळं माझं.”

बाईंनी वही पुन्हा पुढ्यात ओढली. निबंध नेमलेल्या कादंबरीतल्या म्हातारीवर होता. म्हातारी दार उघडत नाही, कारण दार उघडलं की वाट बघणं संपतं, असं मुलीनं लिहिलं होतं. तेही इंग्रजीत, एकही चूक न करता. बाकीची मुलं गाइडातलं घोकून ओकायची, त्यामुळे असं काही वाचलं की बाईंचे कान टवकारायचे. शिवाय ही वाक्यं त्यांनी नक्की कुठेतरी वाचली होती.

“आई काय करते तुझी?”

“लाँड्रीत इस्त्री करते.”

बाईंना हसू आवरलं नाही. थापा माराव्यात, पण पचतील एवढ्या.

शिष्यवृत्तीसाठी शाळेतून एकच नाव जायचं होतं आणि ते या निबंधावर ठरणार होतं. मुलीला पुढे इंग्रजी साहित्य शिकायचं होतं. शिष्यवृत्ती हुकली, तर तीही आईशेजारी इस्त्रीला उभी राहणार, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. बाईंनाही. त्यांना वाईट वाटलं, पण चोरी ती चोरी. यादीतलं तिचं नाव त्यांनी खोडलं आणि आईला बोलावणं धाडलं.

आई मधल्या सुट्टीत आली. हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. खुर्चीच्या कडेवर बसून ती बाईंकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. बिचारी बावरली असेल, असं बाईंना वाटलं.

“मुलगी म्हणते, ही वाक्यं तुमची.”

“हो. इस्त्री करताना मी पुटपुटत असते. तिच्या कानावर पडली असतील.”

“शिक्षण किती तुमचं?”

“दहावी. पुढे जमलं नाही. आम्हालाही हीच कादंबरी होती, बाई.”

“हे बघा,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मीही याच शाळेत शिकले. निबंधाच्या पहिल्या बक्षिसावर माझं कॉलेज झालं. हाडाची काडं केली, पण दुसऱ्याची एक ओळ उचलली नाही. मुलांना तेच सांगते.”

“चांगलं सांगता.”

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

“वाक्यं चांगली आहेत का पण?” आईनं विचारलं.

“चांगली? इतकी चांगली, की तुमच्या घरात कुणाला सुचणं शक्य नाही. एखाद्या मोठ्या विद्वानाची असणार. छापलेली वाचलीत मी, शब्दन्‌शब्द. कुठे, तेवढं आठवत नाहीये.”

आईचा चेहरा क्षणभर खुलला. मग तिनं मुलीला बाहेर जाऊन थांबायला सांगितलं. दार लागलं तशी ती बाईंकडे वळली.

“शाळेच्या वार्षिकांकात,” ती म्हणाली. “तुझ्या फोटोखाली छापला होता तो निबंध. लिहून मी दिला होता.”