कपाटातला सिलिंडर

कपाट उघडलं आणि गॅसचा उग्र वास नाकात शिरला. भरलेला सिलिंडर मीच तिथे कोंडला होता. "ताई, बंद कपाटात नका ठेवू, हवा खेळती पाहिजे," असं तो आणून देणारा माणूस बजावून गेला होता. पण तीन वर्षांचा निमिष सारखा त्याचं टोपण ओढायचा, म्हणून मी कपाटाला कडी घातली आणि निर्धास्त झाले.

खिडकी उघडली. सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. एक ठिणगी पुरे होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत स्टूल सरकवल्याचा आवाज आला. तिन्हीसांजेला दिवा लावायचं काम निमिषचं, आणि ते मीच त्याला कौतुकानं दिलं होतं.

मी दारात पोचले तेव्हा तो स्टुलावर चढला होता, बोट बटणावर. ओरडले असते तर दचकून दाबलं असतं त्याने.

"निमू," मी रोजच्या आवाजात म्हणाले, "खाली मनीची पिल्लं आलीत. बघायची?"

"थांब ना, आधी दिवा."

"पिल्लं उजेडाला घाबरतात रे. तसंच जाऊ."

त्याने जरा विचार केला आणि हात पसरले.

त्याला कडेवर घेऊन तीन जिने उतरले, वॉचमनला गॅसचं सांगितलं, आणि मग निमिषवर ओरडले, घसा फाटेपर्यंत.

"पण मी दिवा लावलाच नाही ना," तो रडत म्हणत राहिला.