समोरचा बहर

“सगळी झाडं एकसारखी दिसतील म्हणाला होतात ना? मग समोरच्या चोणकरबाईंच्याच दारात एवढा बहर कसा?” खिडकीतून बोट दाखवत कुमुदिनीताईंनी उद्यान खात्याच्या माणसाला फैलावर घेतलं. “आमचं तर बघवत नाही, नुसता खराटा!”

“ताई, जात एकच आहे. ही झाडं माणसाच्या नजरेवर फुलतात. ज्या बाजूने बघाल, त्या बाजूला फुलं.”

“म्हणजे ती बया दिवसभर झाडाकडे बघत बसते?”

“त्या दिवाळीपासून मुलीकडे आहेत. दाराला कुलूप आहे, दिसलं नाही तुम्हाला? त्यांच्या बाजूला एकही कळी नाही. सगळा बहर तुमच्या खिडकीकडे आहे.”

कुमुदिनीताईंनी खिडकी धाडकन लावली. पडदा मात्र बोटभर उघडाच राहिला.