मान खाली

“दादा, लोकांच्या हजामती करतोस आणि स्वतःचे केस कॉलरवर लोळतायत! आता वेणीच घाल.” गालावरून हात फिरवत, हसत मास्तर बाहेर पडले.

दुकानात दादा आणि त्याचा जोडीदार लंबू, दोघंच उरले. लंबूनं खुर्चीवरचे केस झटकले, पांढरं कापड पसरून धरलं. “बस. आज सबब नको.”

न्हाव्याला स्वतःची मान दिसत नाही. इतकी वर्षं दोघं एकमेकांचे केस कापत आले होते. पण मध्यंतरी एका रात्री दुकानामागच्या बोळात कुणीतरी मागून दादाचं तोंड दाबलं, हात पिरगळला आणि बायकोनं घेऊन दिलेलं घड्याळ ओरबाडून नेलं. बायको गेल्यावर तेवढंच अंगावर राहिलं होतं. तेव्हापासून त्यानं पाठीमागे कुणाला उभं राहू दिलं नव्हतं. घरी मुलगी मागून आली तरी तो ओरडायचा.

चेहरा दिसला नव्हता. पण तोंडावरच्या हाताला वास होता, त्यांच्याच दुकानातल्या पावडरचा. हे तो पोलिसांना बोलला नाही, मुलीलाही नाही. गिऱ्हाइकाच्या मानेला तो वास असतो. हाताला असतो तो फक्त दादाच्या आणि लंबूच्या. मान चोळली तर कुणाच्याही हाताला लागेल, असं तो मनाला समजावायचा. तरी स्वतः पावडरला हात लावणं त्यानं सोडलं होतं, डबी लंबूच्या बाजूला सरकवून दिली होती.

दादा बसला. गळ्याशी गाठ बसताच त्यानं कापडाखाली खिशातला वस्तरा काढून उघडला. नजर आरशात, लंबूच्या हातांवर.

कात्री चालू झाली.

“पोलीस काय म्हणतात?”

“काही नाही.”

“मिळायचं नाही रे ते आता. घड्याळाचा नाद सोड.”

“तुला कसं ठाऊक?”

“मला कसलं ठाऊक! कुणाचं मिळालंय आजवर?” लंबूनं कानामागचे केस उचलले. “मान खाली घाल.”

दादानं घातली नाही. मान खाली घातली की आरसा सुटतो.

“दादा, मान.”

“अशीच काप.”

“अशी कापली तर उद्या मास्तर मला हसतील.” कात्री थांबली. आरशात लंबू त्याच्याकडे बघत होता. “आणि तो वस्तरा मिटून धर. माझं राहू दे, तुझीच मांडी कापेल.”

दादानं खाली पाहिलं. मुठीवर कापड टोकदार उभं राहिलं होतं. मूठ हलली नाही. पण पाहता पाहता मान खाली गेली होती, आणि ती त्यानं तशीच ठेवली.

मानेला कात्रीचं गार पातं लागलं. मांडीवर पांढरे केस पडत राहिले. कात्रीचा आवाज, लंबूचा श्वास. मग दोन्ही थांबलं. फळीवरून काहीतरी उचलल्याचा आवाज आला. दादाची बोटं आवळली.

लंबूच्या चपला खुर्चीला वळसा घालून समोर आल्या. त्यानं पावडरची डबी दादाच्या मांडीवर ठेवली.

“ही तुझी तू लाव. मी नाही लावत.”

चपला दारापर्यंत गेल्या आणि तिथंच रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पावडरचं आपण कुणाजवळ बोललो होतो का, दादा आठवू लागला. नाही. कुणाजवळच नाही.

डबीचं झाकण पहिल्यापासून घट्ट होतं. उघडायला दोन्ही हात लागायचे, आणि एका हातात अजून वस्तरा होता.