काचपट्टीवरचे दाणे

सुई टोचली तरी पिटुकली रडली नाही, तेव्हाच लॅबवाल्या काकूंनी ओळखलं, दुखणं साधं नाही. धड असती तर या नातीनं अख्खी लॅब डोक्यावर घेतली असती.

पोर साडेचार वर्षांची. आठ दिवस ताप, आणि दीड वर्षातली ही तिसरी खेप. आधी दोन्ही वेळा टायफॉईड निघाला होता. गेल्या वेळी तर दहा दिवस सलाईनवर काढले. पुन्हा तसंच झालं तर ही हाती लागायची नाही, अशी धास्ती काकूंनी घेतली होती.

“पाणी उकळलं होतंस ना?” त्यांनी सुनेला विचारलं.

“हो, आई.”

“की नुसतं कोमट केलंस?”

“वीस मिनिटं उकळलं.” सून खाली बघत म्हणाली. हे उत्तर तिला आता तोंडपाठ झालं होतं.

पहिल्या दुखण्यानंतरच काकूंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. सुनेनं भांडी घासायची, पाणी उकळायचं, बस्स. पिटुकलीचा भात तर आधीपासूनच काकू पहाटे उठून शिजवत, हातानं मऊ कुस्करत आणि डब्यात भरून मगच कामावर येत. सुनेला स्वच्छतेचं वळण नाही, हे त्यांनी नवऱ्याला, मुलाला आणि शेजारणीलाही सांगून झालं होतं. बिचारी ऐकून घेई. पोर खरंच आजारी पडत होती ना!

“घरी जा. एक वाजता डब्यातलं थोडं भरव तिला. रिपोर्ट मी फोनवर सांगते.”

मायलेकी गेल्या आणि काकू कामाला लागल्या. काचपट्टीवर रक्ताच्या वरच्या पिवळसर पाण्याचा एक थेंब, त्यात रंगीत द्रावणाचा एक थेंब, मग मिनिटभर पट्टी डोलवायची. रक्तात टायफॉईडशी लढणारी प्रतिपिंडं असली की बारीक दाणे धरतात. नसली की थेंब गुळगुळीत राहतो. शेजारी एखाद्या निरोगी माणसाचा थेंब ठेवायचा, म्हणजे द्रावण खोटं बोलत असेल तर कळतं. त्यासाठीची तयार बाटली कालच संपली होती. काकूंनी स्वतःचंच रक्त काढलं. बावीस वर्षांत आजारपणाची एक रजा नाही. त्यांच्याइतकं ठणठणीत दुसरं कोण मिळणार?

पिटुकलीच्या थेंबात दाणे धरले. काकूंच्याही थेंबात धरले.

“द्रावण नासलंय,” त्या पुटपुटल्या आणि त्यांच्या जिवात जीव आला. म्हणजे पोरीचा रिपोर्टही खोटा! त्यांनी नवं खोकं फोडलं. पुन्हा दोन्हीकडे दाणे, पहिल्यापेक्षा ठसठशीत.

इतक्यात पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर रिपोर्टांवर सह्या करायला आले. वयानं काकूंच्या मुलाएवढे.

“दोन्ही खोकी खराब आलीत, डॉक्टर. परत पाठवून द्या.”

“दोन्ही कशी खराब येतील? माझं रक्त लावून बघा,” म्हणत त्यांनी बाही वर केली.

डॉक्टरांचा थेंब गुळगुळीत राहिला. काकूंनी पट्टी खिडकीशी नेली, तिरकी धरली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

“काकू, टायफॉईडची लस घेतली होती का हल्ली?”

“नाही.”

“कधी टायफॉईड झाला होता?”

“लग्नाआधी. तीस वर्षं झाली त्याला.”

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. “तीस वर्षं हे रक्तात टिकत नाही, काकू. जंतू अंगात मुक्काम ठोकून बसला असेल तर गोष्ट वेगळी. ताप नाही, दुखणं नाही, माणूस ठणठणीत; त्याच्या हातचं खाणाऱ्याला मात्र लागण होऊ शकते. पण नुसत्या थेंबावरून काही म्हणता येणार नाही. तुमच्या शौचाची तपासणी करू, पिटुकलीच्या रक्ताचं कल्चर लावू.”

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. एकला पाच मिनिटं कमी होती. हातमोजे काढून त्यांनी घरी फोन लावला.

“आई, काय आलं?” सुनेनं घाईनं विचारलं. “मी पाणी खरंच उकळलं होतं हो.”

“ठाऊक आहे मला,” काकू म्हणाल्या. “तो डबा उघडू नकोस. भात तू शिजव, तुझ्या हातानं.”